चित्रकाराचं न्हाणीघर

"सर, एवढे मोठे चित्रकार, पण ते आंघोळ कुठे करायचे?"

प्रश्न माझा नव्हता. तुंगा आणि विशालाक्षी या माझ्या मैत्रिणींनी तो बसच्या मागच्या सीटवर, येलवालच्या रस्त्यानं जाता जाता बनवला होता. मी तो सगळ्यांसमोर विचारला तर तुंगा महिनाभर माझ्या जीवशास्त्राच्या आकृत्या काढून देणार होती, नाही विचारला तर मी तिच्या. तुंगाचा बेडूक बेडकासारखा दिसतो, माझा बटाट्यासारखा. तेव्हा विचारणं भागच होतं.

मागच्या वर्षी असलं काही माझ्याकडून झालंच नसतं. हजेरीच्या वेळी मी 'येस मिस' इतक्या हळू म्हणायची की दोनदा हजर असून गैरहजेरी लागली. मग ऑगस्टमध्ये वादविवादाच्या दिवशी विशालाक्षीला ताप आला आणि तिच्या जागी मला ढकललं गेलं. मी चार मिनिटं बोलले. घंटी वाजली तरी बोलत होते. दुसरं बक्षीस, स्टीलचा डबा. तेव्हापासून, आई म्हणते, या मुलीच्या तोंडाचं झाकण त्या डब्याबरोबर हरवलं.

तर प्रश्न विचारला. सगळा वर्ग फिसकन हसला. आमच्या इतिहासाच्या वेदवती मिस माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी नजर सरळ छतावरच्या झुंबराकडे नेली. पण गुंडेराव सर, म्हणजे तिथले क्युरेटर, गळ्यातला मफलर सारखा करत म्हणाले की अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि कमरेची किल्ली शोधायला लागले.

हे सगळं बोलणं अर्थात कन्नडात, मराठी आम्ही फक्त घरी बोलतो. आम्ही सहलीला आलो होतो तो चित्रविलास तसा लहानसाच महाल. राजघराण्यातल्या कुणा हौशी मामासाहेबांनी तो बांधला आणि एका चित्रकाराला बारा वर्षं राहायला नि काम करायला दिला. आता तिथे म्युझियम आहे. वरच्या मजल्यावर उत्तरेच्या मोठ्या खिडकीपाशी त्याचं ईझल अजून उभं आहे, शेजारी ब्रश, वाळून दगड झालेले रंग आणि एक आरामखुर्ची, जिच्यावर बसू नये असं तीन भाषांत लिहिलंय. खाली त्याची चित्रं. चित्रांतल्या बायकांचे चेहरे मला सगळे एकाच बाईचे वाटले, पण साड्या काय होत्या. एक निळी साडी तर अशी की वेदवती मिस पाठमोऱ्या झाल्याबरोबर विशालाक्षीनं चित्राला नाक लावून बघितलं, कापडाचा वास येतो का म्हणून.

गुंडेराव सर आम्हाला मागच्या दारानं महालाच्या पाठीमागे घेऊन गेले. तिथे कौलारू खोली होती. आत अंधार, जमीन दगडी, आणि मधोमध जमिनीत पुरलेला एक भला मोठा दगडी रांजण. भिंतीवर पाटी: 'चित्रकाराचे स्नानकुंड'. सर म्हणाले, दिवसभर अंगाला लागलेला रंग धुवायला ते इथे उतरत. कडेचे डाग अजून दिसतात, बघा.

सगळ्यांनी वाकून बघितलं. मी पण. रांजणाचं तोंड दीड हात रुंद, खोली माझ्या छातीएवढी. आतल्या बाजूनं, वरून वीतभर खाली, गोल फिरलेली निळी रेघ. आणि काठावर एका जागी दगड झिजून खाच पडलेली.

ती खाच बघितली आणि मला माझ्या चिक्कज्जाचं मागचं अंगण आठवलं. चिक्कज्जा म्हणजे आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, सुब्बराव. मंडी मोहल्ल्यात त्यांचं बटणांचं आणि दोऱ्यांचं दुकान आहे. दुकानामागच्या अंगणात असाच एक रांजण पुरलेला आहे, आता त्याच्यावर फळी टाकून आजी सांडगे वाळत घालते. त्याच्याही काठावर अशीच खाच आहे. रोज त्याच जागी काठी टेकवून कापड खालीवर करून करून पडलेली.

"सर, याला मोरी कुठाय?" मी विचारलं.

"मोरी?"

"आंघोळीचं पाणी जायचं कुठे? आणि आत उतरलेला माणूस वर कसा यायचा? पायऱ्या तर नाहीतच."

तुंगा म्हणाली, चित्रकाराला दोरीनं ओढून काढत असतील, आणि पुन्हा सगळे हसले. वेदवती मिसनी एका सहलीला एक प्रश्न पुरे असं बजावलं. पण माझं झाकण हरवलेलं. मी म्हणून टाकलं की हे न्हाणीघर नाहीच, हा निळीचा रांजण आहे, यात कापड रंगवायचे, आणि पाटी चुकीची आहे.

सरांनी वळून पाटीकडे बघितलं.

"तुला कसं माहीत?" वेदवती मिसनी विचारलं.

आता उत्तर एवढंच होतं की आम्ही रंगारी. आमच्या घरात चार पिढ्या हेच केलं. पण शाळेत मी कधी हे सांगितलंच नव्हतं, हजेरीतही इकडच्या रीतीनं मी नुसती एस. पुष्पावती, आडनाव नाही. बाबा नेहमी सांगतात तेच मीही सांगत आले होते, की आमचे पणजोबा राजवाड्याला कापड पुरवायचे. तुंगानंही लगेच तेच काढलं: "तुम्ही तर कापडाचे व्यापारी ना गं?" पस्तीस मुली माझ्याकडे बघत होत्या. शब्द तोंडापर्यंत आले आणि परत फिरले. घंटी वाजली तरी बोलणारी मी, म्हणाले काय, तर कुठेतरी वाचलंय.

मिस म्हणाल्या, मग सोमवारी पुस्तकाचं नाव आण. नाहीतर सरांची पाटी खोटी म्हटल्याबद्दल माफी लिहून दे, वर्गासमोर वाचायची.

"मेले मी," मी स्वतःशीच पुटपुटले, मराठीत. बाकीच्या बाहेर पडत होत्या. गुंडेराव सर कुलूप लावता लावता थांबले आणि मराठीतच हळूच म्हणाले, "माफी नको मला. पुस्तक नसेल तर माणूस आण. चालेल."

बसमध्ये तुंगानं प्रामाणिकपणे आकृत्यांची वही मागून घेतली. मी दिली, पण पैज जिंकल्यासारखं काही वाटेना. प्रश्न त्यांचा होता तो मी बेधडक विचारला, आणि उत्तर माझं होतं ते गिळून बसले.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. माझे बाबा, शामसुंदर, बँकेत आहेत. त्यांच्या शाखेत गेल्याच महिन्यात कॉम्प्युटर आलाय आणि त्याला हात लावायची परवानगी असलेल्या तिघांत ते एक. चिक्कज्जाला चित्रविलासला न्यायचं म्हटल्यावर त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"बेडा," ते म्हणाले. आमच्या घरी नकार नेहमी कन्नडातच येतो. "कापड पुरवायचो, एवढं पुरे झालं लोकांना."

आई म्हणाली, मुलगी माफी वाचणार त्याचं काय. तेव्हा बाबांनी मला जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. लहानपणी शाळेतून आलं की त्यांनाही रांजणावर बसवायचे. कोपरापर्यंत हात निळे, आठवडाभर घासले तरी जायचे नाहीत. वर्गात त्यांची वही कुणी हातात घेत नसे, रंग लागेल म्हणून. प्रार्थनेला सगळी मुलं हात जोडायची, बाबा हात मागे बांधून उभे राहायचे आणि त्याबद्दल छडी खायचे. बँकेत चिकटल्यावर पहिल्या पगाराचा त्यांनी पांढरा शर्ट घेतला होता. हे सांगताना ते आपल्या हातांकडे बघत होते. हात अगदी स्वच्छ आहेत त्यांचे.

मग म्हणाले, "ने काकाला. पण कागदावर, पाटीवर, कुठे आपलं नाव येता कामा नये. समजलं?"

"बघू," मी म्हटलं. आईनं डोळे मोठे केले.

रविवारी चिक्कज्जा काळा कोट घालून तयार होते. एकाहत्तर वर्षांचे आहेत, पण बसमध्ये मी त्यांना जागा मिळवून दिली तर ती त्यांनी दुसऱ्या एका म्हाताऱ्याला दिली आणि त्याला विचारलं, तुम्ही किती वर्षांचे. तो अडुसष्टचा निघाल्यावर बस येलवालच्या रस्त्याला लागेपर्यंत ते खूश होते.

गुंडेराव सरांनी खोली उघडली. चिक्कज्जांनी चपला बाहेर काढल्या, रांजणापाशी गुडघे टेकले, हात आत घालून दगड चोळला आणि बोटं नाकाशी नेली. मग खाचेवर अंगठा ठेवला. तो खाचेत पुढेमागे फिरवत राहिले. मला वाटलं आता चुकीचं निघतंय.

"निळीचाच," ते म्हणाले. "चुना, टाकळ्याचं बी शिजवून घातलेलं, आणि नीळ. उन्हाळ्यात असा वास सुटायचा, सर, की न्हायला सोडा, या खोलीसमोरून राजेसुद्धा नाक धरून गेले असते." चित्रकाराला साड्या समोर बघून काढायच्या असणार, ते म्हणाले, आणि बाजारातली निळी त्याच्या मनासारखी नसणार, मग बोलावला असेल एखादा रंगारी. कोण? ते सांगता येणार नाही. मंडी मोहल्ल्यात तेव्हा आमची अकरा घरं होती.

गुंडेराव सर सगळं मान डोलावून ऐकत होते, पण म्हणाले की काका, मला पटलं, वरच्या साहेबांना कसं पटवू? पाटी बदलायची तर कागद लागतो. या महालाची जुनी रोजनिशी आहे, मोडीत लिहिलेली, मी सबंध वाचलीय, तिच्यात रंगारी हा शब्द एकदाही नाही.

मग त्यांनी आम्हाला त्यांच्या खोलीत नेलं, कॉफी मागवली आणि रोजनिशी काढली. ती दाखवायला त्यांना निमित्तच हवं असावं. इथल्या कारभाऱ्यानं रोज दोन ओळी लिहिल्यात. पाहुणा कोण आला, पडवीचं कौल कुठलं फुटलं. पण मधे मधे, सर म्हणाले, अशा काही विलक्षण नोंदी आहेत की त्यांच्यावर त्यांनी धारवाडच्या परिषदेत निबंध वाचला होता: चित्रकाराची स्वप्नं. त्यांनी चष्मा चढवला आणि वाचायला लागले.

"'आज नगरात वार्ता की चामुंडी बेट्टाच्या माथ्यावरील दगडी नंदी रात्रीतून कूस बदलून बसला. माणूस पाठवून पाहिले. नंदी जागीच.' बघा. दगडाला प्राण आल्याचं स्वप्न. कलावंताचं मन." पुढचं पान. "'वार्ता की येलवालच्या पटेलांची म्हैस बोलू लागली. चौकशी केली. म्हैस गप्प आहे.'"

इथे चिक्कज्जांच्या बशीतली कॉफी त्यांच्या कोटावर सांडली. मला वाटलं ठसका लागला. पाठीवर हात ठेवला तर ते हसत होते. इतके हसत होते की त्यांना बोलता येईना.

"अहो सर," शेवटी ते म्हणाले, "म्हैस आमची आहे. नंदी पण आमचा."

मग त्यांनी सांगितलं. नीळ म्हणजे लहरी बाई. पंधरा दिवस जपून तयार केलेला रांजण एखाद्या सकाळी बिघडतो. कापड बुडवा, काढा, पिवळं ते पिवळंच, हवेत धरलं तरी निळं होत नाही. चुना घालून बघतात, गूळ घालून बघतात. कशानंच नाही जमलं तर मग एकच उपाय. बाजारात जाऊन एक खोटी बातमी सोडायची. लहानसहान नाही, चांगली दणदणीत. ती जसजशी गावात पळते, लोक खरी मानतात, तसतसा रांजण सुधारतो. आमच्यातले सगळे असंच करायचे. माणसं बातमीच्या मागे लागली की रांजणाला निवांतपणा मिळतो, असं त्यांचे वडील म्हणत. चिक्कज्जांनी स्वतः एकदा सोडली होती की जुळी मुलं असलेल्या बाईला रेल्वे तिरुपतीचं तिकीट फुकट देणार. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर सात बायका जुळी घेऊन उभ्या. एकीनं तर एक पोर शेजारणीचं आणलं होतं.

गुंडेराव सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांचा निबंध छापून आला होता, नकाशासारखी त्याची घडी कपाटात समोरच दिसत होती, आणि मला त्यांचं फार वाईट वाटलं. पण डोकं तर चालायचं थांबत नव्हतं.

"सर," मी म्हटलं, "म्हशीच्या पुढच्या दोन दिवसांत काय लिहिलंय?"

त्यांनी पान उलटलं. ओळीवर बोट ठेवलं. मग थांबून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "'मागील अंगणात निळी वस्त्रे वाळत घातली. वारा फार.'"

"आणि नंदीच्या पुढे?"

नंदीनंतर तिसऱ्या दिवशी निळी वस्त्रे. पुढे वर्षभरानं तलावात मोती सापडल्याची वार्ता, आणि चौथ्या दिवशी निळी वस्त्रे. आम्ही तिघं टेबलावर वाकलो होतो. सर वाचत होते, मी कागदावर तारखा लिहीत होते, चिक्कज्जा प्रत्येक अफवेला मार्क देत होते. मोत्यांची त्यांना अगदीच सामान्य वाटली. अशा सहा निघाल्या, आणि सहाही वेळा आठवड्याच्या आत निळं कापड दोरीवर. सहाव्याला गुंडेराव सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अकरा वर्षं," ते म्हणाले, "मी त्या म्हशीत कलावंताचा आत्मा शोधत होतो." आणि मग तेही हसायला लागले. हसत हसतच कपाटातून आपला निबंध काढून त्यांनी त्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं भली मोठी फुली मारली, आणि म्हणाले, धारवाडला पुन्हा जायला कारण मिळालं.

पाटी बदलायचं ठरलं. नवी पाटी त्यांनी तिथेच लिहायला घेतली: 'निळीचा रांजण. चित्रकारासाठी येथे वस्त्रे रंगवीत.' खाली माहिती देणाऱ्याचं नाव हवं, त्याशिवाय वरचे साहेब मानत नाहीत. सरांनी पेन चिक्कज्जांकडे केलं. चिक्कज्जा म्हणाले, माझं लिहा, पण आधी या पोरीचं लिहा, पाण्याला मोरी नाही हे तिनं पाहिलं, मी नाही. आणि नुसतं नाव नको. आडनावासकट लिहा.

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, उद्या शाळेतून फोन करून सांगते.

घरी आले तेव्हा आईनं उप्पिट केलं होतं. चिक्कज्जांना मी वाटेत त्यांच्या घरी सोडलं होतं, म्हणून सांगायचं काम एकट्या माझ्याकडे होतं, आणि मी ते सगळ्या हातवाऱ्यांसकट केलं. नंदीला आई पदर तोंडाला लावून हसली. बाबा ताटातले शेंगदाणे बाजूला काढत होते. मी स्टेशनवरच्या सात बायकांपर्यंत आले, शेजारणीच्या पोरापर्यंत, आणि म्हटलं की चिक्कज्जानं काय अफवा बनवली होती, नाही?

"त्यानं सोडली," बाबा म्हणाले. "बनवली मी."

आईचा हात पातेल्यावरच राहिला.

"काकाची नुसती होती, रेल्वे फुकट तिकीट देणार. त्यानं कुठे रांजण सुधारतो? असलं तर रोजच ऐकतात लोक. जुळी मी घातली. नऊ वर्षांचा होतो." शेंगदाणा त्यांच्या बोटांत तसाच होता. "दुसऱ्या दिवशी कापड वर काढलं ना, पिवळं, हिरवं, आणि हवा लागली तसं माझ्या डोळ्यांसमोर निळं होत गेलं. अण्णा, तुझे आजोबा, सगळ्यांना सांगत होते, शामूच्या जुळ्यांनी केलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तीच सातवी बाई, शेजारणीचं पोर आणलेली, ती तर तुमच्या तुंगाची आजी."

आई आता जी हसायला लागली ती थांबेना. बाबाही हसत होते, पण कानांपर्यंत लाल होऊन, एखाद्या मुलाला वर्गात चुकून शाबासकी मिळावी तसे. मला त्या क्षणी कळलं की उद्यापर्यंत थांबायचं काही कारण नाही. मी ताट बाजूला सारलं आणि उभी राहिले. वादविवादाला उभी राहिले होते तशीच.

"मी ठरवलंय," मी म्हटलं. "चित्रविलासच्या पाटीवर नाव लागणार आहे. पुष्पावती शामसुंदर रंगारी, आणि खाली सुब्बराव रंगारी. उद्या वेदवती मिसना मी पुस्तकाचं नाव देणार नाही आणि माफीही वाचणार नाही. वर्गात उभी राहून सांगणार आहे की आम्ही रंगारी, आणि मला कसं माहीत ते असं. बाबा, मी विचारत नाहीये. सांगतेय."